विमान कंपन्यांची नोकरभरती : उमेदवाराची प्रतिष्ठा आणि कायद्याचे संरक्षण

जुलै २०२४ मध्ये मुंबईतील कलिना परिसरात घडलेला प्रसंग अनेकांच्या स्मरणात असेल. विमानतळावर सामान चढविणे-उतरविणे आणि तत्सम कामांसाठी सुमारे २,२०० जागा भरावयाच्या होत्या आणि थेट मुलाखतीसाठी उमेदवारांना पाचारण करण्यात आले होते. प्रत्यक्षात हजारो तरुण प्रवेशद्वारापाशी जमले. त्या वेळच्या वृत्तांमध्ये हा आकडा १५ हजारांपासून २५ हजारांपर्यंत दिला गेला. रेटारेटी वाढत जाऊन चेंगराचेंगरीची परिस्थिती निर्माण झाली आणि अखेरीस, आपला बायोडाटा ठेवून परत जा, असे उमेदवारांना सांगण्यात आले. राज्याच्या दूरवरच्या जिल्ह्यांतून आणि परराज्यांतून रात्रभर प्रवास करून आलेल्या कित्येकांची मुलाखत त्या दिवशी झालीच नाही. ही भरती एआय एअरपोर्ट सर्व्हिसेस या शासकीय मालकीच्या भूसेवा कंपनीची होती; टाटा समूहाकडे गेलेल्या एअर इंडियाशी तिचा संबंध नव्हता.

या घटनेची चर्चा प्रामुख्याने बेरोजगारीच्या अनुषंगाने झाली. ते स्वाभाविकच होते. मात्र तिच्यातून आणखी एक प्रश्न पुढे येतो. नोकरी मिळण्यापूर्वी, म्हणजे अर्ज करण्यापासून नियुक्तिपत्र हाती पडेपर्यंतच्या काळात, उमेदवाराचे स्थान काय? तो अद्याप कर्मचारी नसतो. त्याची संघटना नसते, सेवाशर्ती नसतात आणि तक्रार करावी तर पुढची संधीही हातची जाईल, अशी धास्ती असते. विमान वाहतूक क्षेत्रात या प्रश्नाला विशेष धार आहे, कारण येथे उमेदवाराची गुणवत्ता तपासताना त्याची उंची, वजन, दृष्टी, त्वचा, आवाज आणि मानसिक स्थिती यांचीही तपासणी होते. यांपैकी कोणती तपासणी योग्य आणि कोणती अयोग्य, याची माहिती उमेदवारांना असणे आवश्यक आहे.

निवडीचे टप्पे

विमान कंपन्यांमधील पदांचे स्थूलमानाने तीन गट पडतात : वैमानिक, केबिन कर्मचारी आणि जमिनीवरील सेवा.

वैमानिकपदासाठी येणारा उमेदवार आधीच मोठा खर्च करून आलेला असतो. व्यावसायिक वैमानिक परवान्यासाठी किमान २०० तासांचे उड्डाण आवश्यक असते. त्यानंतर विशिष्ट प्रकारचे विमान चालविण्याचे स्वतंत्र प्रशिक्षण घ्यावे लागते. विमान कंपन्यांच्या पुरस्कृत प्रशिक्षण योजनांचा एकूण खर्च एक कोटी रुपयांच्या घरात किंवा त्याहूनही पुढे जातो. लेखी परीक्षा, मानसशास्त्रीय चाचणी, सिम्युलेटरवरील कौशल्य चाचणी आणि मुलाखत असे निवडीचे टप्पे असतात. त्याखेरीज नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या, म्हणजेच डीजीसीएच्या, नियमांनुसार प्रथम श्रेणीचे वैद्यकीय प्रमाणपत्र अनिवार्य असते.

केबिन कर्मचाऱ्यांसाठी उंची व वजनाची मोजणी, व्यक्तिमत्त्व व पेहरावाची पाहणी, गटचर्चा, भाषेची चाचणी, मुलाखत आणि वैद्यकीय तपासणी असा क्रम साधारणतः आढळतो. जमिनीवरील सेवांसाठी, पदानुसार, शारीरिक क्षमता, वाहनचालक परवाना किंवा संगणकाचे ज्ञान पाहिले जाते. विमानतळाच्या सुरक्षित क्षेत्रात काम करणाऱ्या प्रत्येकाची पोलिसांमार्फत पूर्वचारित्र्य पडताळणी होते आणि त्यानंतरच प्रवेशपत्र दिले जाते.

तपासणी कशासाठी?

केबिन कर्मचाऱ्यांचे मुख्य काम खाद्यपदार्थ देणे हे आहे, असा समज सार्वत्रिक आहे. नियमांच्या दृष्टीने मात्र ते सुरक्षा कर्मचारी होत. विमानातील दर ५० आसनांमागे किमान एक प्रशिक्षित कर्मचारी असावा, हा दंडक त्यासाठीच आहे. प्रवासी विमानाला मान्यता देताना, निम्मे दरवाजे बंद असतानाही सर्व प्रवासी ९० सेकंदांत बाहेर पडू शकतात, हे सिद्ध करावे लागते. आग विझविणे, दरवाजा उघडणे, बेशुद्ध प्रवाशाला बाहेर काढणे ही कामे शरीराची विशिष्ट क्षमता मागतात.

या दृष्टीने पाहिल्यास काही अटींचे प्रयोजन स्पष्ट होते. टाचा उंचावून हात किती उंचीपर्यंत पोहोचतो हे पाहिले जाते, कारण आपत्कालीन साधने आसनांवरील कप्प्यांत ठेवलेली असतात. पाण्यावर विमान उतरवावे लागल्यास उपयोग व्हावा म्हणून पोहण्याची चाचणी घेतली जाते. श्रवणशक्ती, दृष्टी आणि हृदयाची तपासणी यांमागेही असेच कारण असते.

काही अटींचे समर्थन मात्र तितक्या सहजपणे करता येत नाही. वर्ण, चेहऱ्यावरील बारीक डाग, दातांची ठेवण, वैवाहिक स्थिती यांचा आपत्कालीन दरवाजा उघडण्याशी संबंध काय? २०१४ मध्ये महासंचालनालयाने केबिन कर्मचाऱ्यांसाठी उंची व वजनाच्या गुणोत्तराचे, म्हणजे बीएमआयचे, निकष लागू केले. त्यांत सामान्य वजनाची वरची मर्यादा पुरुषांसाठी २५, तर महिलांसाठी २२ अशी ठेवण्यात आली. विमान तेच आणि दरवाजाही तोच असताना दोघांसाठी वेगळे माप का, हा प्रश्न त्या वेळी विचारला गेला. अट कामाशी निगडित आहे की केवळ दिसण्याशी, ही कसोटी प्रत्येक नियमाला लावून पाहण्याजोगी आहे.

इतिहासातील काही निकाल

ही कसोटी आपोआप रुजलेली नाही. ज्यांना नाकारले गेले, त्यांनी ती लढून मिळविली आहे.

अमेरिकेच्या हवाई दलातून बाहेर पडलेले कृष्णवर्णीय वैमानिक मार्लन ग्रीन यांनी १९५७ मध्ये कॉन्टिनेन्टल एअरलाइन्स या कंपनीकडे अर्ज केला. अर्जातील वंशाचा रकाना त्यांनी कोरा ठेवला होता. त्यांना चाचणीसाठी बोलावण्यात आले, पण प्रत्यक्षात त्यांच्याहून कमी अनुभवाच्या गौरवर्णीय उमेदवारांना नोकरी मिळाली. कोलोरॅडो राज्याच्या भेदभावविरोधी आयोगाने ग्रीन यांच्या बाजूने निर्णय दिला. कंपनी न्यायालयात गेली. अखेर १९६३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने, राज्याचा भेदभावविरोधी कायदा विमान कंपनीच्या भरतीलाही लागू होतो, असा निर्वाळा दिला. ग्रीन यांना प्रत्यक्ष नोकरी मिळण्यास १९६५ हे वर्ष उजाडावे लागले.

भारतात प्रेम माथूर यांचे उदाहरण प्रसिद्ध आहे. व्यावसायिक वैमानिक परवाना हाती असूनही, केवळ स्त्री असल्यामुळे, अनेक कंपन्यांनी त्यांना नकार दिला. शेवटी हैदराबादच्या डेक्कन एअरवेजने त्यांना संधी दिली. आज भारतातील वैमानिकांमध्ये महिलांचे प्रमाण सुमारे १५ टक्के असून जागतिक सरासरीपेक्षा ते बरेच अधिक आहे. या वाटचालीची सुरुवात त्या नकारांपासून झाली, हे विसरता येत नाही.

विमानसेविकांच्या बाबतीत १९८१ चा नर्गेश मिर्झा खटला मैलाचा दगड मानला जातो. त्या वेळी एअर इंडियाच्या नियमांनुसार विमानसेविकेला वयाच्या ३५ व्या वर्षी, नोकरीच्या पहिल्या चार वर्षांत विवाह केल्यास, किंवा पहिल्या गर्भारपणी सेवा सोडावी लागे. सर्वोच्च न्यायालयाने गर्भारपणाची अट मनमानी ठरवून रद्द केली. निवृत्तीनंतर मुदतवाढ द्यावी की नाही, हे व्यवस्थापकीय संचालकांच्या मर्जीवर सोडणारी तरतूदही रद्द झाली. चार वर्षांपर्यंत विवाह न करण्याची अट मात्र न्यायालयाने त्या वेळी कायम ठेवली. आजच्या वाचकाला हे आश्चर्याचे वाटेल. परंतु समानतेची कल्पना न्यायालयांतही टप्प्याटप्प्यानेच विस्तारत गेली, याचे ते द्योतक आहे.

खासगी आयुष्याविषयीचे प्रश्न

मुलाखतीत किंवा अर्जात विवाह, मासिक पाळी, गर्भधारणा यांविषयी विचारणे योग्य आहे काय? या प्रश्नाचे उत्तर सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये, आयुर्विमा महामंडळाशी संबंधित एका प्रकरणात दिले. उमेदवार महिलेने अर्जातील अशा स्वरूपाची माहिती दडविली, या कारणावरून तिला सेवेतून कमी करण्यात आले होते. न्यायालयाने तिला पुन्हा सेवेत घेण्याचा आदेश दिला. हे रकाने स्त्रीच्या लज्जेला आणि आत्मसन्मानाला धक्का लावणारे असून ते अर्जातून वगळावेत, असेही न्यायालयाने सांगितले. प्रकरण विमा कंपनीचे असले, तरी त्यातील विचार भरती करणाऱ्या प्रत्येक आस्थापनेने लक्षात घ्यावा असा आहे.

युरोपातही हा प्रश्न सुटलेला नव्हता. स्पेनमधील आयबेरिया या विमान कंपनीला, नोकरीपूर्व वैद्यकीय तपासणीत गर्भधारणेची चाचणी घेतल्याबद्दल, बॅलेअरिक बेटांच्या प्रादेशिक शासनाने २०१७ मध्ये २५ हजार युरोंचा दंड ठोठावला. त्याच देशात २०२२ च्या अखेरीस, कुवेतच्या विमान कंपनीसाठी माद्रिद विमानतळानजीकच्या एका हॉटेलात झालेल्या निवड प्रक्रियेविषयी गंभीर तक्रारी झाल्या. शरीरावर व्रण किंवा गोंदण आहे काय हे पाहण्याच्या निमित्ताने अंतर्वस्त्रांखेरीज सर्व कपडे उतरविण्यास सांगण्यात आले, असे महिला उमेदवारांचे म्हणणे होते. हे वृत्त प्रसिद्ध झाल्यावर स्पेनच्या कामगार खात्याने त्याची दखल घेऊन चौकशी सुरू केली.

आखाती देशांतील कंपन्या मुंबई, दिल्ली, गोवा अशा ठिकाणीही उमेदवारांची निवड करीत असल्याने भारतीय तरुणांसाठी या घटनेचे महत्त्व आहे. शरीराची तपासणी आवश्यक असेल, तर ती पात्र डॉक्टरने, बंद खोलीत, उमेदवाराच्या संमतीने आणि वैद्यकीय टप्प्यावरच करावी, ही सर्वमान्य पद्धत आहे. भरती करणाऱ्या अधिकाऱ्याने सभागृहात करावयाचे हे काम नव्हे.

एचआयव्हीच्या चाचणीबाबत तर भारतीय कायदा सुस्पष्ट आहे. २०१७ चा एचआयव्ही व एड्स प्रतिबंध आणि नियंत्रण कायदा सप्टेंबर २०१८ पासून लागू असून, नोकरीची पूर्वअट म्हणून ही चाचणी करण्यास त्यात मनाई आहे.

तृतीयपंथी उमेदवार

अर्जात स्त्री आणि पुरुष असे दोनच रकाने असतील, तर तृतीयपंथी व्यक्तीने काय करावे? सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१४ मध्ये तृतीयपंथीयांची स्वतंत्र ओळख मान्य केली होती. त्यानंतरही २०१७ मध्ये तमिळनाडूतील एका तृतीयपंथी उमेदवाराला एअर इंडियाच्या केबिन कर्मचारी पदासाठी महिलांच्या रकान्यातून अर्ज करावा लागला. निवड न झाल्याने तिने सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. सप्टेंबर २०२२ मध्ये न्यायालयाने, तृतीयपंथीयांना रोजगारात सामावून घेण्यासाठी धोरण आखावे, असे केंद्र शासनाला सांगितले. त्याआधी २०१९ च्या कायद्याने भरतीसह रोजगाराच्या सर्व बाबींत तृतीयपंथीयांशी भेदभाव करण्यास मनाई केलेली होती.

वैमानिकांच्या बाबतीत ऑगस्ट २०२२ मध्ये महासंचालनालयाने तृतीयपंथी अर्जदारांच्या वैद्यकीय मूल्यमापनासाठी मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. प्रत्येक अर्जदाराच्या पात्रतेचा विचार त्याच्या परिस्थितीनुसार स्वतंत्रपणे करावा, हे तत्त्व त्यांत स्वीकारण्यात आले.

लैंगिक छळाविरुद्ध संरक्षण

कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाला प्रतिबंध करणारा २०१३ चा कायदा केवळ नोकरीत असलेल्या महिलांपुरता आहे, असा गैरसमज व्यापक आहे. वस्तुतः या कायद्यातील पीडित महिलेच्या व्याख्येत, ती त्या ठिकाणी नोकरीस असो वा नसो, असे शब्द आहेत. त्यामुळे मुलाखतीसाठी आलेल्या महिलेलाही त्याचा आधार घेता येतो. कामानिमित्त कर्मचारी ज्या ठिकाणी जातात, त्या ठिकाणाचाही कार्यस्थळाच्या व्याख्येत समावेश आहे. म्हणजेच कंपनीचे अधिकारी हॉटेलच्या सभागृहात मुलाखती घेत असतील, तर केवळ जागा कंपनीची नाही, या सबबीवर जबाबदारी टाळता येत नाही.

दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक आस्थापनेत अंतर्गत समिती असणे बंधनकारक आहे. छोट्या संस्थांच्या, उदाहरणार्थ भरती करून देणाऱ्या दलालाच्या कार्यालयाच्या बाबतीत, जिल्हास्तरीय स्थानिक समितीकडे जाता येते. तक्रार घटनेपासून तीन महिन्यांच्या आत लेखी स्वरूपात करावयाची असून, सबळ कारण असल्यास समिती आणखी तीन महिन्यांची मुदत देऊ शकते.

शुल्क, बंधपत्र आणि फसवणूक

उमेदवारांच्या अडचणींचा दुसरा मोठा भाग पैशांशी निगडित आहे. विमानतळावर नोकरी लावून देतो असे सांगून नोंदणी शुल्क, गणवेशाची रक्कम, वैद्यकीय तपासणीचा खर्च किंवा परत मिळणारी अनामत या नावांखाली पैसे उकळण्याचे प्रकार देशभर घडतात. बनावट नियुक्तिपत्रावर नामांकित कंपनीचे बोधचिन्ह असते आणि पैसे मात्र एखाद्या व्यक्तीच्या खात्यात मागितले जातात. प्रमुख विमान कंपन्या, आपण नोकरीसाठी कोणतेही शुल्क घेत नाही, अशा सूचना वेळोवेळी प्रसिद्ध करतात. सार्वजनिक क्षेत्रातील काही संस्था अर्जाचे शुल्क घेतात. परंतु त्याची रक्कम जाहिरातीत नमूद असते आणि ते संस्थेच्याच नावे भरावयाचे असते. हा भेद ध्यानात ठेवल्यास पुष्कळशी फसवणूक टळू शकते.

विमानसेविका प्रशिक्षणाचे वर्ग लहान शहरांतही निघाले आहेत. त्यांतून भाषा आणि आत्मविश्वास यांचा लाभ होत असेलही. मात्र अशा संस्थेचे प्रमाणपत्र म्हणजे परवाना नव्हे. निवड झालेल्या केबिन कर्मचाऱ्यांना सुरक्षेचे प्रशिक्षण, डीजीसीएने मान्य केलेल्या अभ्यासक्रमानुसार, विमान कंपनीच देते. शंभर टक्के नोकरीची हमी देणाऱ्या जाहिरातीकडे या माहितीच्या प्रकाशात पाहिले पाहिजे.

निवड झाल्यावर बंधपत्राचा प्रश्न उभा राहतो. प्रशिक्षणाचा खर्च कंपनीने केला असल्यास ठरावीक वर्षे नोकरी न सोडण्याची, अन्यथा रक्कम भरण्याची अट घातली जाते. विजया बँकेशी संबंधित प्रकरणात मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, किमान तीन वर्षे सेवा न केल्यास दोन लाख रुपये भरण्याची अट वैध ठरविली. म्हणून, बंधपत्र कायद्यात टिकत नाही, या ऐकीव सल्ल्यावर विसंबून स्वाक्षरी करणे धोक्याचे आहे. त्याच वेळी, करारभंगाबद्दल नमूद केलेली रक्कम ही कमाल मर्यादा असून न्यायालय वाजवी तेवढीच भरपाई देते, हे भारतीय करार कायद्याचे तत्त्वही कायम आहे. वैमानिकांसाठी आणखी एक नियम आहे. २०१७ च्या नियमानुसार नोकरी सोडताना सहवैमानिकाने सहा महिन्यांची, तर कमांडरने एक वर्षाची पूर्वसूचना देणे अपेक्षित आहे. नियुक्तिपत्रावर स्वाक्षरी करण्यापूर्वीच याचा विचार झालेला बरा.

खासगीकरणानंतरची परिस्थिती

वर उल्लेखिलेल्या भारतीय खटल्यांतील अनेक निकालांमागे एक समान सूत्र होते. एअर इंडिया ही शासनाच्या मालकीची संस्था असल्यामुळे तिला राज्यघटनेतील समानतेच्या तरतुदी लागू होत आणि कर्मचारी किंवा उमेदवार थेट उच्च न्यायालयात रिट याचिका दाखल करू शकत असे. जानेवारी २०२२ मध्ये एअर इंडिया टाटा समूहाकडे हस्तांतरित झाली आणि ही परिस्थिती पालटली. खासगी झालेल्या कंपनीविरुद्ध अशी याचिका चालू शकत नाही, हा मुंबई उच्च न्यायालयाचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने मे २०२४ मध्ये कायम केला. विशेष म्हणजे, त्या याचिका कंपनी शासकीय असताना दाखल झालेल्या होत्या.

देशातील सर्व मोठ्या विमान कंपन्या आज खासगी आहेत. त्यामुळे त्यांच्या भरतीत अन्याय झाल्यास घटनेतील मूलभूत हक्कांचा थेट आधार उमेदवाराला मिळत नाही. माहितीच्या अधिकाराखाली गुणपत्रिका मागविण्याचा मार्गही खुला नाही. उरतो तो संसदेने केलेल्या कायद्यांचा आधार. भरतीत लिंगाधारित भेदभाव करण्यास १९७६ च्या समान वेतन कायद्याने मनाई केली होती. तीच तरतूद आता वेतन संहितेत असून ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली आहे. तृतीयपंथीय, दिव्यांग आणि एचआयव्हीग्रस्त यांच्यासाठीही स्वतंत्र कायदे आहेत. परंतु खासगी भरतीत जात, धर्म, वर्ण, वय किंवा रूप यांवरून होणाऱ्या भेदभावाला सर्वंकष प्रतिबंध करणारा एकच कायदा भारतात नाही. उमेदवाराला ही उणीव प्रत्यक्षात जाणवते, ती नकाराचे कारणच कळत नाही तेव्हा.

उमेदवारांनी काय करावे?

अर्ज करण्यापूर्वी जाहिरात कंपनीच्या अधिकृत संकेतस्थळावर आहे काय, हे पाहावे. परदेशातील नोकरी दलालामार्फत मिळणार असल्यास, १९८३ च्या उत्प्रवासन कायद्याखाली त्याची नोंदणी आहे काय, याची खात्री करावी. मूळ प्रमाणपत्रे दाखवावीत, परंतु पोचपावतीशिवाय कोणाकडेही ठेवू नयेत. मुलाखतीचे पत्र, संदेश, भरलेल्या रकमेच्या पावत्या आणि बंधपत्राची प्रत जपून ठेवावी. आक्षेपार्ह प्रश्न किंवा वर्तन झाल्यास तारीख, वेळ, ठिकाण आणि उपस्थितांची नोंद त्याच दिवशी लिहून काढावी. पुढे समितीपुढे किंवा न्यायालयात या नोंदीला मोल येते. ऑनलाइन फसवणूक लक्षात येताच १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर तक्रार करावी, कारण पहिल्या काही तासांत रक्कम रोखली जाण्याची शक्यता अधिक असते.

कंपन्यांकडून अपेक्षा तरी कोणत्या? जागा किती आणि किती उमेदवारांना बोलवावयाचे, याचा आधी हिशेब. अपात्रतेच्या अटी जाहिरातीतच स्पष्ट करणे. उमेदवारांसाठी बसण्याची आणि पाण्याची सोय. वैद्यकीय तपासणीची गोपनीयता. आणि निकालाचे चार ओळींचे पत्र. यांपैकी कोणत्याही गोष्टीला मोठा खर्च येत नाही. कलिना येथे जमलेल्या तरुणांपैकी बहुतेकांना नोकरी मिळणे शक्यच नव्हते, कारण जागा मर्यादित होत्या. पण वेळ ठरवून बोलावणे आणि आलेल्याचे म्हणणे ऐकून घेणे शक्य होते. प्रवाशाचे स्वागत हात जोडून करणाऱ्या या व्यवसायाने आपल्या दाराशी आलेल्या उमेदवारालाही तेवढाच मान द्यावा, ही अपेक्षा अवाजवी म्हणता येणार नाही.